देवानं टोचलेला कान

बाळाला रोज आंघोळ, आणि मल्लम्माला चार दिवसांतून एकदा, असा त्या घरात कायदा झाला होता. मल्लम्माची आंघोळ म्हणजे तरी काय, बाळाला न्हाऊ घालताना खाली घमेल्यात जे पाणी साचायचं त्यात हातपाय बुडवून काढायचे. आणि ते पाणी आणायचं कुणी? मल्लम्मानंच. चाकूरचा आड त्या वर्षी दिवाळीतच तळाला गेला होता. घागर डोक्यावर, कळशी कमरेवर, अशा दोन खेपा मळ्यातल्या विहिरीवरून केल्या की एक जीव न्हायचा. तो जीव म्हणजे तिच्या भावाचा, मन्मथचा लेक; तिच्या आईचा, गुरम्माचा नातू.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. तिच्या बापानं, माणिकप्पानं, आपल्या किराणा दुकानाच्या पाटीवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून ‘जि. लातूर’ करून घेतलं होतं, पण ऊन पडलं की खालचं जुनं अक्षर वर यायचंच. येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा, “पाऊस आला न्हाई बघा, पण जिल्हा आला अन् नातू आला.” मल्लम्मा मागं बसून शेंगदाणे निवडत असायची. सोळा वर्षांमागं ती जन्माला आली होती, तेव्हा अप्पानं कुणाला काय सांगितलं असंल, हे तिला विचारावंसं वाटायचं. विचारलं मात्र कधी न्हाई.

पहिलं बाळंतपण खरं माहेरी व्हायचं. पण उमावैनीचं माहेर मुदखेडकडचं, तिथं तर प्यायलाबी पाणी न्हाई, म्हणून बाळंतपण इथंच झालं. म्हणजे शेकशेगडी, डिंकाचे लाडू, पाहुणे, सगळं इथंच. मल्लम्मा ह्या सगळ्याकडं डोळे बारीक करून बघायची. एका लाडवात किती खोबरं जातंय हे तिला दारातनंच कळायचं, कारण नजर लई तेज. दुकानात कुणी गुळाचा खडा गुपचूप तोंडात टाकला तर अप्पाच्या आधी तिला दिसायचा. आणि दिसला की तोंड उघडायचं. तोंड उघडलं की भांडण.

शाळाबी अशीच सुटली होती. आठवीत असताना मास्तरनं तीनदा नाव घेतलं, हिनं वरच बघितलं न्हाई. मास्तरनं डस्टर फेकून मारलं, ते खांद्याला लागलं. हिनं तेच डस्टर उचलून मास्तरला परत मारलं, आणि दप्तर घेऊन घरी आली ती आलीच. गावात नाव पडलं, माणिकप्पाची पोरगी माजोरी. हाक मारली तर ओ देत न्हाई.

बाळाच्या पाचव्या दिवशी गुरम्मा पाय लांब करून न्हाणीत बसली, पोराला नडग्यांवर आडवं घेतलं आणि तेल चोळायला लागली. मल्लम्मा तांब्यानं पाणी घालत होती. पोराच्या डोक्यावरून पाणी ओघळलं, आणि डाव्या कानाच्या मुळाशी, कान जिथं गालाला चिकटतो तिथं, एक थेंब अडकून बसला. मल्लम्मानं वाकून बघितलं. टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं.

तिचा तांब्या हातातच राहिला. कारण तसलंच भोक, त्याच बाजूला, त्याच जागी, तिच्या स्वतःच्या कानाला होतं. सात वर्षं वेणीखाली झाकलेलं.

‘आता ह्याचंबी झाकतील,’ ती मनात म्हणाली, आणि खोटं कशाला सांगा, तिला जरा बरंच वाटलं.

तेवढ्यात गुरम्मालाबी दिसलं. तिनं बोट लावून बघितलं, आणि न्हाणीतूनच ओरडली, “अगं बया! उमा, बघ गं! पोराला देवानं टोचूनच धाडलंय की!”

उमा बाजेवरून उठून आली. माणिकप्पा दुकान सोडून आला. गुरम्मा नातवाचा कान सगळ्यांना दाखवत होती, आणि त्या सगळ्या गडबडीत तिनं एकदाच, एका क्षणासाठी, मल्लम्माकडं बघितलं. लगेच नजर काढून घेतली.

मल्लम्मा नऊ वर्षांची असताना ते भोक सुजून बोराएवढं झालं होतं. गुरम्मानं हळदीचं पोटीस बांधलं, तिसऱ्या दिवशी ते फुटलं, घाण वास आला. मन्मथ तेव्हा उदगीरला बोर्डिंगात, अप्पाला बायकांच्या दुखण्याची चौकशी करायची सवय न्हाई. मायलेकींनीच ते निस्तरलं. त्या दिवशी गुरम्मानं पोरीची वेणी अशी कानावरून घालून दिली, आणि म्हणाली, “कुणाला दावू नको. गळका कान म्हणतील. उद्या सोयरीक कोण करंल?” तेव्हापासून महिन्या-दोन महिन्याला त्यातून पांढरं कायतरी यायचं, वास यायचा, ती गुपचूप पदरानं पुसायची. तिच्यात होतं तोवर तो गळका कान होता. पोराच्या कानाला लागल्याबरोबर त्यात देव आला.

मग बायका यायला लागल्या. आधी गल्लीतल्या, मग वेशीपलीकडच्या. पोराची टोपी सरकवायची, कान बघायचा, हात जोडायचे. कुणी म्हणालं पोरगं लई शिकंल, कुणी म्हणालं स्वामी होईल. गुरम्मा डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून बसायची, तशी ती कायमच बसायची, आणि तोंडभर हसायची. मल्लम्मा गुळाचा चहा करायची. चहा नेताना एकदा एका म्हातारीनं तिला विचारलं, “का गं पोरी, तुझा भाचा एवढा नशिबाचा, तू का तोंड पाडून?”

“धुरानं,” मल्लम्मा म्हणाली. चूल विझलेली होती.

बारसं झालं, रेवणसिद्ध नाव ठेवलं, लिंगायतांच्या रीतीनं गळ्यात लिंग बांधलं. कान टोचायला ग्यानोबा सोनार आला. म्हातारा माणूस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पन्नास वर्षं गावाचे कान त्यानंच टोचलेले. पाळ्या टोचून झाल्या, पोरगं रडून लाल झालं, आणि गुरम्मा पुन्हा त्या भोकाचं कौतुक सांगायला बसली. देवानं असं केलं, देवानं तसं केलं. मल्लम्मा दाराशी उभी होती. तिचं डोकं तापलं.

“एवढं देवानं टोचलंय तर घाला की सोनं त्यात!” ती म्हणाली. “रिकामं कशाला ठेवता? देवाला वाटंल कदर न्हाई.”

टोमणा होता तो. पण गुरम्माचे डोळे चमकले.

“पोरगी कधी न्हाई ते शहाणं बोलली,” ती म्हणाली. “ग्यानोबा, बसंल का बाळी ह्यात?”

ग्यानोबानं चष्मा वर केला, बारीक तार लावून बघितली. “बाई, हे आरपार न्हाई. आत जाऊन बंद हाय. बाळी न्हाई बसायची. अन् मी म्हणतो, असल्या जागंला हात लावू नये. आपण पाळी टोचतो, हे टोचलेलं न्हाई.”

“बाळी न्हाई तर चमकी बसंल?”

“बसंल तशी. पण...”

गुरम्मा उठून आत गेली आणि पेटीतून कागदाची पुडी घेऊन आली. ती पुडी मल्लम्माला लांबूनच ओळखू आली. दसऱ्याला ह्याच ग्यानोबाकडून तिच्यासाठी घडवलेली चमकी होती ती. तिचं नाक टोचून दीड महिना झाला होता, भोक बुजू नये म्हणून त्यात कडुलिंबाची काडी घातलेली, आणि जखम भरली की चमकी घालायची असं ठरलेलं. रोज आरशात बघून ती काडी फिरवायची आणि त्या जागी सोनं बघायची.

“अव्वा, ती माझी हाय.”

“तुला दुसरी करू. पोराच्या कानात चार दिवस राहू दे.”

“दुसरी त्याला कर.”

“मल्ले, एवढ्याशा लेकराशी बरोबरी करतीस? लाज न्हाई वाटत?”

ग्यानोबानं चमकीची दांडी वाकवली, तेल लावलं आणि भोकात सारली. पोरगं असं किंचाळलं की उमानं कानावर हात ठेवले. ते दुखणं कसलं असतं हे त्या घरात एकट्या मल्लम्माला माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर थांबलं असतं. ती बोलली न्हाई. नाकातली काडी फिरवत उभी राहिली, आणि मनात म्हणाली, ‘घे. तुला पाहिजे होती ना.’

चमकी घातल्यावर तर बघायला येणाऱ्यांची रांगच लागली. सोन्याचा ठिपका कानाजवळ चमकायचा. मल्लम्मा पोराला मांडीवर घ्यायची न्हाई. उमावैनी म्हणायची, “मल्लूताई, जरा धरा की, मी जेवून घेते,” तर ही घागर उचलून बाहेर. संक्रांतीपासून गावात टँकर येत होता. कधी तो वेशीत थांबायचा, कधी मारुतीच्या पाराजवळ. हॉर्न वाजला की बायका धावायच्या, आणि मल्लम्मा दर वेळी उलट्या बाजूला धावायची. हॉर्न ऐकू यायचा, पण कुठून आला ते कळायचं न्हाई. ती वेशीत पोचायची तर टँकर पाराजवळ. परत येईपर्यंत शेवटचा नंबर. बायका हसायच्या, “माणिकप्पाची पोरगी मुद्दाम गाव फिरून येती.” ती त्यांच्याशी भांडायची, आणि भांडणात पाणी संपायचं.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील. पाळण्यातलं पोरगं डाव्या कुशीवर राहिना. मल्लम्मानं जाता जाता बघितलं. चमकीभोवती लाली होती. बाकी कुणाला दिसली न्हाई एवढी बारीक. दुसऱ्या दिवशी तिथली कातडी तुळतुळीत झाली. तिसऱ्या दिवशी गुरम्मालाबी दिसलं, तिनं चमकी न काढताच भोवतीनं हळद थापली.

मल्लम्मा तीनही दिवस गप्प होती. दुपारी ती पडवीत आडवी व्हायची तेव्हा उजव्या कानाखाली हात घेऊन झोपायची. उजवा कान दाबला की सगळं जग बंद व्हायचं, टँकर, अव्वा, पाळणा, काहीच न्हाई. तिला वाटायचं सगळ्याच माणसांना असं जमतं. त्या दुपारी तिला त्यातबी झोप लागली न्हाई. पोरगं रडत होतं हे तिला ऐकू येत नव्हतं, पण उशीला गाल टेकला की स्वतःचा नऊ वर्षांचा कान ठणकायला लागायचा. ती उठली. पोराच्या अंगाला हात लावला तर तापलेला तवा.

त्याच वेळी घरात पंचफुलामावशी येऊन बसली होती. उदगीरची, गुरम्माची लांबची बहीण. नातू बघायला आली असं म्हणत होती, पण खरं तर मल्लम्मासाठी तिकडचं एक स्थळ घेऊन आली होती. मुलाचं पेंडीचं दुकान, घरचे चांगले, नळ दाराशी. दाराशी नळ म्हटल्यावर मल्लम्मानं दोनदा विचारलं होतं, रोज येतो का. गुरम्मानं सकाळीच तिची वेणी दोन वेळा घालून घेतली होती, घट्ट, कानावरून.

उमा पोराला खांद्यावर घेऊन आली. डोळे सुजलेले. “अत्याबाई, मी पाया पडते, लातूरला दवाखान्यात नेऊ. दूधबी ओढंना.”

“देवाच्या जागंला डॉक्टरचा हात नको,” गुरम्मा म्हणाली. “तो कापंल, मग काय? उष्णता हाय. उतरंल.”

“अण्णा, तू तरी बोल की,” मल्लम्मा भावाला म्हणाली.

मन्मथ खाटेवर बसून चपलेचा अंगठा बघत होता. “बघू उद्या. अव्वाला जास्त कळतं.”

“देवाचं लेकरू हाय गं ते,” पंचफुलामावशी उमाला समजावत म्हणाली. “असल्यांना थोडा त्रास होतोच. त्यांची निशाणी असती ती.”

मल्लम्माच्या डोक्यात तिडीक गेली. निशाणी म्हणे. तिनं वेणीला हात घातला, आणि गुरम्माला ते कळलं. “मल्ले, आत जा!” ती ओरडली. पण मल्लम्मा गुरम्माच्या उजव्या हाताला उभी होती, म्हणजे तिच्या स्वतःच्या डाव्या कानाकडून हाक आली, आणि ती तिला आली न आल्यासारखीच. तिनं वेणी वर ओढली आणि पंचफुलामावशीच्या तोंडापुढं कान नेला.

“बघ मावशी. नीट बघ. मलाबी देवानंच टोचलंय. ह्यातून पू येतो, वास येतो. ह्यात हात घातला की सुजतं अन् फुटतं. ही बघ खूण, फुटलं होतं तिथली. माझ्या वेळी देव कुठं होता, अव्वाला विचार. अन् हे सोनं घालायचं मीच म्हणाले होते. जळून म्हणाले होते. पोरगं मरंल तर मी मारलेलं असंल. नेता का दवाखान्यात, का मी घेऊन जाऊ?”

पंचफुलामावशीनं चहाची बशी खाली ठेवली. ती परत उचलली न्हाई, आणि पेंडीवाल्याचा विषय पुढं कधी निघाला न्हाई. मन्मथ मात्र उठला. पायात चपला घातल्या, त्याबी उलट्या.

दुपारच्या एसटीनं ते लातूरला गेले. मन्मथ, उमा, पोरगं, गुरम्मा, आणि कुणी चल म्हटलं नसताना मल्लम्मा. दवाखान्याबाहेर नव्या जिल्ह्याची नवी पाटी, रंगाचा वास अजून ताजा. आत बाकावर गर्दी. शेवटी एक डॉक्टरीणबाई, पांढरी साडी, केसांचा करडा अंबाडा, त्यांनी पोराला घेतलं आणि कापसानं चमकीभोवतीची हळद पुसली. नंतर म्हणाल्या, “हे कुणाचं डोकं?”

“माझं,” मल्लम्मा म्हणाली.

बाईंनी चमकी काढली, छोटीशी चीर देऊन पू काढला. उमा बाहेर जाऊन भिंतीला टेकली. मल्लम्मा बघत राहिली. पोरगं ओरडून थकलं आणि हुंदके देत गप झालं.

“आता ऐका,” बाई गुरम्माला म्हणाल्या. “पोटात असताना कान सहा छोट्या उंचवट्यांनी जुळून बनतो. कधीकधी जुळताना एखादी फट राहते, तेच हे भोक. पुष्कळ लेकरांना असतं. दहातल्या नऊ जणांना त्यानं काहीच होत नाही. फक्त त्याला हात लावायचा नाही. पिळायचं नाही, टोचायचं नाही, सोनं तर नाहीच नाही. पुन्हा पुन्हा सुजलं तर ऑपरेशन करून मुळापासून काढता येतं.”

“म्हणजे देवाचं न्हाई?” गुरम्मानं विचारलं.

“नाकसुद्धा देवाचंच आहे की आजी. म्हणून त्यात बोट घालू देता का नातवाला?” बाईंनी पोराची मान चाचपली, दोन्ही बाजू बघितल्या. “मान साफ आहे. पण असल्या भोकाबरोबर दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक ऐकू येतं का, आणि दुसरं मूत्रपिंड. कान आणि मूत्रपिंड पोटात साधारण एकाच काळात घडतात. क्वचित एकाला धक्का बसला तर दुसऱ्यालाही बसतो. घरात आणखी कुणाला आहे असं भोक?”

मल्लम्माचा हात वेणीवर गेला. बाई टेबलाच्या त्या बाजूनं फिरून मल्लम्माच्या डाव्या अंगाला आल्या. “तुझं नाव काय गं?”

मल्लम्मा पोराच्या कानाकडं बघत राहिली.

“अगं, नाव विचारलं.”

“माजोरी हाय ती,” गुरम्मा म्हणाली. “मास्तरलाबी अशीच करायची.”

बाई थांबल्या. त्यांनी मल्लम्माची वेणी बोटानं बाजूला केली, भोक बघितलं, मग ड्रॉवरमधून लोखंडी चिमट्यासारखं एक हत्यार काढलं आणि कोपरावर आपटून तिच्या उजव्या कानाजवळ धरलं. गुणगुण आली. डाव्या कानाजवळ धरलं. काहीच न्हाई. कपाळाच्या मधोमध टेकवलं.

“आवाज कुठे येतो?”

“उजवीकडं.”

“शाळेत कुठे बसायचीस?”

“भिंतीला. उजवा खांदा भिंतीला.”

“आणि मास्तर?”

“डावीकडं.” खांद्यावर बसलेलं डस्टर, टँकरच्या उलट्या बाजूला केलेली धावपळ, उशीवर बंद होणारं जग, सगळं एकामागून एक तिच्यापुढं येऊन उभं राहिलं.

“ह्या पोरीला डाव्या कानानं ऐकू येत नाही,” बाई गुरम्माला म्हणाल्या. “बहुतेक जन्मापासून. ते आता परत येणार नाही. माजोरी नाही ती. उजवा कान जप गं, तोच तुझा आहे.”

गुरम्माचे हात पदराच्या काठाशी गेले. बराच वेळ ती काठ नुसता चाचपत राहिली, मग तिनं तो डाव्या कानावरून मागं सारला. मल्लम्मानं सोळा वर्षांत तो कान कधी उघडा बघितला नव्हता. त्यात बुगडी नव्हती. कानाच्या मुळाशी बारीक भोक होतं.

“माझ्या आईनं झाकायला लावलं होतं,” गुरम्मा जमिनीकडं बघत म्हणाली. “पोराचं दिसलं, तेव्हा वाटलं, ह्याचं तरी झाकायला नको. पोरगा हाय, दावता येईल.”

मल्लम्माला रडू आलं न्हाई, राग आला. एवढी वर्षं ही माझ्यासारखीच होती, आणि मला एकटीलाच तसं ठेवलं. चमकीचा राग ह्यापुढं काहीच न्हाई.

मग पोराची पाळी. बाईंनी त्याच्या डोक्यामागं, डाव्या बाजूला, एक छोटी घंटा धरली. मल्लम्मानं श्वास धरला. तिला काय पाहिजे होतं ते तिचं तिलाच कळेना. ह्यालाबी ऐकू आलं न्हाई तर ती एकटी उरणार नव्हती. घंटा वाजली. हुंदके देणारं पोरगं थांबलं, डोळे मोठे केले.

“ऐकतोय,” बाई म्हणाल्या. “पण आज एवढ्यावर सोडायचं नाही. सहा महिन्यांचा झाला की आवाजाकडे मान वळवायला पाहिजे, दोन्ही बाजूंना. घरात कुणीतरी रोज बघा. मागून, त्याला न दिसता. आणि दोघांची, ह्याची आणि हिची, लघवी तपासायची.”

पोराच्या लघवीसाठी नर्स कस्तुराबाईनं बाटली दिली. ती हातात धरून चौघं पोराभोवती अर्धा तास उभे. “पाण्याचा दुष्काळ हाय, त्यालाबी कळतंय,” मन्मथ म्हणाला, आणि उमा पहिल्यांदा हसली. शेवटी पोरानं बाटली सोडून मल्लम्माच्या हातावर केलं. दुसऱ्यांदा बाटलीत मिळालं. दोघांचंही ठीक निघालं.

निघताना कस्तुराबाईनं चमकी स्पिरिटमध्ये बुडवून, पुसून, मल्लम्माच्या तळहातावर ठेवली. तिनं तिथंच दवाखान्याच्या खिडकीच्या काचेत बघून काडी काढून टाकली आणि चमकी नाकात घातली. उमा म्हणाली, “अहो, त्यात पू होता!” मल्लम्मा म्हणाली, “माझाच होता. माझ्याकडनं गेला होता.”

रोज घंटा वाजवायचं काम तिनंच घेतलं. दुसऱ्या कुणाला देईना. देवघरातली घंटा घ्यायची, पाळण्यामागं बसायचं, कधी डावीकडं, कधी उजवीकडं. महिने गेले. फेब्रुवारी, मार्च, पोरगं नुसतं हातपाय झाडायचं आणि ती म्हणायची, “बघ, न्हाई येत तुला. माझ्यासारखाच हायस.” म्हणताना तिला बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याचा रागबी यायचा. एप्रिलच्या एका दुपारी तिनं डावीकडं अगदी हळू वाजवली आणि पोरानं मान वळवून सरळ तिच्याकडं बघितलं. उजवीकडं वाजवली, तिकडं वळला. पुन्हा डावीकडं. पुन्हा वळला आणि बोळकं पसरून हसला.

घंटा तिच्या हातात तशीच राहिली. “तुला सगळं येतंय रे चोरा,” ती म्हणाली. “दोन्हीकडनं.” तिनं घंटा आपटून देवघरात ठेवली आणि घागर उचलून बाहेर पडली.

मे महिना. टँकर आता दोन दिवसांआड येत होता. दुपारी उमा निजलेली, मल्लम्मा पोराला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती, घरात दुसरं कुणी न्हाई म्हणून. हॉर्न वाजला. ती उठली. वेस का पार? नेहमीसारखंच, आवाज सगळीकडून, कुठूनच न्हाई. शेजारच्या बायका घरातून निघायच्या होत्या. तिनं खाली बघितलं.

पोरानं मान वळवली होती. पाराकडं.

हॉर्न परत वाजला. पोरगं परत तिकडंच बघत होतं, भुवया वर करून, जणू तिलाच म्हणत होतं, ऐकू येईना का तुला.

मल्लम्मानं त्याला डाव्या कडेवर घेतलं, घागर उजव्या हातात, आणि पाराकडं पळाली. ती पोचली तेव्हा टँकरचा ड्रायव्हर अजून पाइप काढत होता. मागून धापा टाकत बायका आल्या आणि तिला पुढं बघून थांबल्या.

“मल्ले, आज गाव फिरून न्हाई आलीस?” एकजण म्हणाली.

“न्हाई,” ती म्हणाली. “आज कान संगं आणलाय.”

पोरगं तिच्या नाकातल्या चमकीला हात घालून राहिलं होतं. तिनं त्याचा हात झटकला. “ही माझी हाय,” ती त्याच्या कानात म्हणाली, आणि पाइपाखाली घागर लावली.